येसूचं गूळपाणी

एका तळ्याकाठी एक रंगीत नगर होतं. दिवाणजींच्या रंगशाळेत तिथं रेशमी साड्या रंगायच्या, आणि उरलेला लाल, निळा, जांभळा रंग गुपचूप तळ्यात सोडला जायचा. तळं दिसायचं मोरपिसासारखं, पण ते पाणी पिऊन पोरं पोट धरून बसायची.

येसूची आई गिरजा नगराची पाणी चाखणारी. रोज सकाळी तळ्याचं पाणी चाखायचं, चांगलं असेल तर काठावर हिरवं निशाण लावायचं, हे तिचं काम. एके दिवशी तिनं निशाण लावलंच नाही. तळ्यात विष कालवलं जातंय आणि ते रंगशाळेतून येतंय, असं तिनं भर चावडीवर सांगितलं.

झालं! दुसऱ्याच दिवशी राजवैद्यांनी कागदावर शिक्का मारला, की गिरजाचं डोकं फिरलंय, अमृताला ती विष म्हणते. तिला नेऊन विसावाघरात कोंडलं. नाव बघा कसं गोड, आणि दाराला कुलपं तीन. आत कुणी 'मी वेडी नाही' म्हटलं, की वैद्यबुवा लिहायचे, वेड वाढलंय. आता सांगा, माणसानं बोलावं तरी काय?

इवलीशी येसू घरात एकटी उरली. शेजारची काकू बेसनाचे लाडू घेऊन आली आणि गोड गोड बोलत, आईनं रंगशाळेचं अजून काय काय सांगितलं होतं, ते विचारू लागली. तेव्हापासून येसूचा कुणावरच विश्वास राहिला नाही. त्या नगराची रीत अशी, की दारी आलेल्यापुढे गूळपाणी ठेवायचं आणि पाहुण्यानं घोटभर तरी प्यायचं. माणूस पारखायला येसू मुद्दाम तळ्याचंच पाणी ठेवायची. ते बघून काकूला एकदम घरचं काम आठवलं. कुणी खरंच तांब्या उचललाच, तर ओठाला लागायच्या आत येसू तो काढून घ्यायची. पोर संशयी होती, दुष्ट नव्हती.

स्वतःसाठी आणि आईसाठी ती टेकडीपलीकडच्या झऱ्याचं पाणी आणायची. चिमुकली कळशी, चिमुकले पाय, आणि वाट कोसभर. विसावाघराच्या खिडकीतून आईला पाणी दिलं, की खाली सुकत चाललेल्या गुलबक्षीलाही ती ओंजळभर घालायची.

एका संध्याकाळी गुलबक्षीची कळी उमलली आणि आतून बोटभर उंचीची परी बाहेर आली. पंख गुलाबी, त्यांवर सोनेरी ठिपके लुकलुकणारे. तू मला पाणी दिलंस, आता एक इच्छा माग, असं ती म्हणाली.

येसूनं डोळे बारीक केले. "तुला दिवाणजींनी पाठवलंय का?"

परीनं नाही म्हटलं, तरी येसूनं तळ्याच्या पाण्याचा तांब्या पुढे केलाच. परीनं वास घेतला आणि नाक मुरडलं. "नको गं बाई, विष आहे हे."

आईनंतर खरं बोलणारी ही पहिलीच भेटली. येसूला रडूच आलं.

"पण नियम आहेत हं," परी हळूच म्हणाली. "कुलूप उघडणार नाही. कुणाचं मन वळवणार नाही. आणि कुणाला इजा झाली, तर इच्छा मोडली."

येसूनं खूप विचार केला. मग तिनं मागितलं, की राणीसाहेबांनी दिवाणजी आणि राजवैद्यांसह तिच्या दारी पाहुणं म्हणून यावं.

दुसऱ्या दिवशी राणीची पालखी त्या गल्लीतून निघाली आणि कुठूनशी पिवळीधमक फुलपाखरं आली, हजारो! भोयांना पुढचं पाऊल दिसेना. पालखी नेमकी येसूच्या दारात टेकली. बरोबरचे दिवाणजी आणि वैद्यबुवाही थांबले. येसूनं तिघांपुढे गूळ ठेवला आणि तीन तांबे ठेवले.

राणीला तहान लागली होती. महालातल्या विहिरीचं पाणी पिणारी ती, तिला काय ठाऊक! तिनं तांब्या उचलला. येसूच्या मनात आलं, एक घोट पिऊ दे, मग तरी पटेल. पण तिनं चटकन राणीचा हात धरला.

"तुम्ही नका पिऊ, राणीसाहेब. हे तळ्याचं आहे. आधी यांना पिऊ द्या, हे त्याला अमृत म्हणतात, आणि विष म्हणाली म्हणून माझ्या आईला, गिरजाला, यांनी कुलपात ठेवलंय."

दिवाणजींना त्याच दिवशी नेमका उपास निघाला, तोही पाण्याशिवायचा. वैद्यबुवांनी तांब्या उचलला, आणि तसाच खाली ठेवला. मला हे पिववत नाही, असं ते पुटपुटले.

"मग गिरजाबाई कुलपात का आहेत?" राणीनं विचारलं.

चौकशी करू, असं राणी म्हणाली. येसूनं लगेच विचारलं, कधी? मीही कधी तळ्यावर जाऊन पाहिलं नाही, हे राणीनं कबूल केलं, आणि त्याच दुपारी चावडी भरवली. विसावाघरातल्या प्रत्येकाचा कागद तिथं मोठ्यानं वाचला गेला, आणि शिक्का मारणाऱ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं होतं. आणखी नऊ जणांची कारणं कुणालाच सांगता आली नाहीत. दिवाणजी आणि वैद्यबुवांचं पद गेलं, रंगशाळेची मोरी बुजली, आणि त्या नऊ जणांसह गिरजा बाहेर आली. लेकीला कुशीत घेऊन ती तडक तळ्यावर गेली, पाणी चाखलं, थुंकलं, आणि निशाण लावलं नाही. या वेळी तिला कुणी वेडी म्हटलं नाही.

तीन पावसाळे गेले. एका सकाळी गिरजानं तळ्याचं पाणी चाखलं, पुन्हा चाखलं, आणि काठावर हिरवं निशाण फडकलं.

येसूनं तळ्याचा तांब्या भरला, गुळाचा खडा घेतला आणि गुलबक्षीपाशी ठेवला. परी आली. तिनं वास घेतला, येसूकडे बघून हसली, आणि घटाघटा प्यायली. मग तिचे पंख उजळत गेले, गुलबक्षीचं सगळं झुडूप सोनेरी झालं, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. तांब्याच्या तळाशी थेंबभरसुद्धा पाणी उरलं नव्हतं.