बेहड्याच्या ढोलीतलं घर

फार वर्षांमागं, घाटाखालच्या एका राज्यात रखमाजी नावाचा वनपाल होता. तोडायच्या झाडावर तो गेरूचा पट्टा ओढी आणि दुसऱ्या दिवशी लाकूडतोडे ते झाड पाडत. त्याची पारख राज्यात नावाजलेली होती.

एकदा त्यानं एका म्हाताऱ्या बेहड्यावर पट्टा ओढला. झाड कोसळलं, खोड फुटलं, तेव्हा आतल्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी आणि दोन पिल्लं मरून पडलेली दिसली. मादीनं अंडी उबवायला ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेतलं होतं; नर बाहेरून तिला फटीतून भरवी. तेवढ्यात चोचीत उंबरं घेऊन नर आला. झाड होतं त्या रिकाम्या जागेभोवती तो घिरट्या घालत राहिला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशीही.

रखमाजीला घास गिळवेना. तो राजाकडे गेला.

"महाराज, मला जंगलाचा साधा राखणदार करा."

"अरे, पुढच्या महिन्यात तुला मुख्य वनपाल करणार होतो!"

"मला झाडात लाकूड दिसलं महाराज, घर दिसलं नाही. आता ते बघायला शिकायचंय."

राजानं नाइलाजानं होकार दिला. रखमाजी रानात राहणाऱ्या म्हाताऱ्या ठकूबाईकडे शिकायला गेला. कोणतं फळ कोण खातं, कोणत्या ढोलीत कोण राहतं, सारं तिनं दाखवलं.

एक दिवस त्यानं विचारलं, "आजी, तो बेहडा पाडला तिथं पुन्हा धनेश कधी नांदतील?"

"तसं झाड व्हायला दोन-तीन पिढ्या जातील, बाबा. आपण नसू. पण पलीकडच्या दरीत अजून तीन जुनी झाडं उभी आहेत."

रखमाजी त्या दरीत जाऊन राहिला. काही वर्षांनी नवा वनपाल गेरू घेऊन तिथं आला. रखमाजी हात जोडून म्हणाला, "साहेब, आधी एक सकाळ माझ्याजवळ बसा."

दोघं एका जुन्या झाडासमोर झुडपाआड बसले. धनेशाचा नर आला. ढोलीच्या फटीतून एक चोच बाहेर आली, तिच्यात त्यानं एकेक फळ ठेवलं. नव्या वनपालानं गेरूचं भांडं मातीत उपडं केलं आणि राजाला सांगून ती दरी कायमची राखून घेतली.

उन्हाळा सरता सरता पिल्लू ढोलीबाहेर आलं, फांदीवर डगमगलं आणि उडालं. रखमाजीचे डोळे भरून आले.

"आता तरी जीव निवला ना?" वनपालानं विचारलं.

"नाही," रखमाजी म्हणाला. "म्हणून तर उद्याही या झाडापाशी येणार."

तात्पर्य इतकंच: हातून गेलेलं परत येत नाही, पण त्याची हुरहूर खरी असेल, तर ती उरलेलं जपायला शिकवते.