गुळव्याचं नाक

“...पण साखरेनं अंग बहिरं कसं होईल, अज्जा?”

गूळ करणारा बसगोंडा गुळव्या मठाच्या पायरीवर बसला होता. उजव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं. दोन महिने झाले, जखम भरत नव्हती.

जंगम अज्जा पालेभाजी निवडत होते. नव्वदीला टेकलेला, हलक्या हाताचा माणूस.

“डॉक्टर काय म्हणाले, ते नीट सांग.”

“म्हणाले, अंगात इन्सुलिन असतं. ते हाक मारतं, तेव्हा पेशी दार उघडतात आणि साखर आत जाते. माझ्या पेशी हाक ऐकत नाहीत. म्हणून साखर रक्तात साचते.”

“मग?”

“इथवर समजलं. पण म्हणतात, साचलेली साखरच पेशींना आणखी बहिरं करते. हे काय पटत नाही. तुम्ही आपली एखादी जालीम मुळी द्या. हाक मोठी करणारी. नाहीतर अंगठा काढावा लागेल म्हणालेत. मग रसाच्या काहिलीपुढं उभा कसा राहू?”

“गूळ खातोस?”

“खात नाही. चाखतो.” बसगोंडा ताठ झाला. “दिवसाला सहा काहिली. चाखल्याशिवाय एकही उतरवली नाही. या जिभेनं सारा मुलूख गोड केलाय, अज्जा.”

“मुलूख केलास... आणि रक्तही.”

बसगोंडाला ते लागलं.

अज्जा त्याच्या धोतराकडं बघत होते. काठावरून मुंग्यांची रांग चढत होती.

“गुळाचा वास येतोय?”

बसगोंडानं हवा हुंगली. “कुठं? इथं कुठला गूळ?”

“तू आलास तसा सारा मठ घमघमतोय, लेकरा.”

त्यानं बाही नाकाशी नेली. पुन्हा नेली.

काहीच नाही...

अज्जा उठले. त्यांनी कोमट पाण्याची घागर आणली, जखमेचा पाय दगडावर उंच ठेवायला लावला आणि लहान पोराला घालावी तशी त्या पन्नाशीच्या गड्याला आंघोळ घातली. मग आपलं धोतर दिलं. त्याला नुसता उन्हाचा वास होता.

“तीन दिवस राहा. डॉक्टरांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. जखम रोज मी बघेन.”

“आणि मुळी?”

अज्जा भाजी घेऊन आत गेले.

तीन दिवस कसे गेले, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. सकाळी नदीवर धुकं असायचं. पलीकडच्या काठावर त्याचंच गुऱ्हाळ होतं. पुतण्या काहील सांभाळत होता. धूर वर चढायचा, वाटेतच थबकायचा आणि उसाच्या तुऱ्यांवर पसरून राहायचा. पाण्यात एक बगळा उभा असायचा... की दोन? जेवायला भाकरी, पालेभाजी, पातळ ताक. अज्जा बोलायचे थोडं. कधी बोलायचेच नाहीत. बसगोंडाला वाटायचं, आपण झोपलोय. मग वाटायचं, इतकी वर्षं झोपलो होतो, आता कुठं जाग येतेय.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलली. वारा फिरला. चिंचेखाली डोळे मिटून बसलेला बसगोंडा एकदम उभा राहिला.

“उतरवा!”

अज्जांनी मान वर केली.

“पाक झाला! उतरवा की रे, करपेल!”

एवढ्या रुंद नदीपलीकडं कोण ऐकणार? पण तेवढ्यात पलीकडं हालचाल झाली. गडी वाकले, काहील चुलवाणावरून हलली, पांढऱ्या वाफेत सारं दिसेनासं झालं.

बसगोंडा अज्जांकडं वळला.

“वास आला, अज्जा... पाक धरल्याचा वास. तीस वर्षं काहिलीशेजारी उभा होतो. तिथं कधी आला नाही.”

अज्जा त्याच्याजवळ येऊन बसले.

“नाक तेच. गूळ तोच...” तो हळूहळू खाली बसला. आपल्या हाताकडं, मनगटाच्या शिरांकडं बघत राहिला. “आत पेशींचंही असंच झालं असेल?”

बगळा उडाला. पाणी हललं, पुन्हा शांत झालं.

मग त्याला आठवलं. घाबऱ्या आवाजात तो म्हणाला, “पण अज्जा, मी गुळव्या आहे. चाखायचं सोडलं, तर काहील कधी उतरवायची ते मला कळणार कसं?”

अज्जांनी त्याचा दुखरा पाय मांडीवर घेतला आणि फडकं सोडायला सुरुवात केली.

“आत्ता काय चाखलंस, लेकरा?”