कुरूला मारलेली हाक

फार पूर्वी शोणवती नगरात अरिंदम राजाचा अंमल होता. त्या जन्मी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी अमात्य होते.

शेजारच्या राज्यात युद्ध पेटले आणि हजारो माणसे नदी ओलांडून शोणवतीच्या वेशीबाहेर येऊन राहिली. त्यांत सुभगा नावाची विणकरीण होती. पळापळीत तिच्या हातून लेकीचा हात सुटला आणि चार वर्षांची कुरंगी दुसऱ्याच नावेत चढली. आठ महिने सुभगा झोपडी-झोपडीत विचारत फिरली. लोक नुसती मान हलवत.

एकटी सापडलेली मुले नगरातल्या धर्मशाळेत होती. निर्वासितांना वेशीच्या आत मज्जाव होता. राजा अमात्यांना म्हणाला, "ही पोरं दूरच्या गावांना वाटून टाका. सणाला यात्रेकरू येतील, त्याआधी धर्मशाळा रिकामी झाली, तर महामंत्रिपद तुमचं."

"महाराज, आई जिवंत असताना लेकरांना पोरकं करून मिळालेलं पद मला पेलणार नाही. आधी आईबापांचा शोध घेऊ द्या."

राजाने नाखुशीनेच होकार दिला.

आईचे नाव विचारले, की मुले सांगत, "आई." तेव्हा अमात्यांनी मुलांना वेशीबाहेरच्या माळावर आणले आणि जमलेल्यांना म्हणाले, "घरी जेवायला बोलवायचात, तशी एकेकाने हाक मारा."

सुभगाची पाळी आली.

"कुरू, ये गं, भात निवतोय!"

कोणी हलले नाही. तिने पुन्हा हाक मारली. तेव्हा धर्मशाळेतून मुलांबरोबर आलेल्या एका म्हातारीच्या पदराआडून एक मुलगी डोकावली.

"मऊ भात?" तिने विचारले.

सुभगा धावली, तशी मुलगी दचकून म्हातारीला बिलगली. सुभगा मटकन खाली बसली.

अमात्य जवळ आले. "बाई, आवाज तिने ओळखलाय, चेहऱ्याला थोडा वेळ द्या. या सोणाआजींनी तिला धर्मशाळेत सांभाळलंय, त्यांनाही कोणी नाही. तिघी एकत्र राहा."

तशा त्या सुभगाच्या झोपडीत राहिल्या. पाचव्या सकाळी कुरंगी फणी घेऊन आपण होऊन सुभगापुढे बसली. केसांतला गुंता सोडवताना सुभगाला कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेता आला.

महामंत्रिपद दुसऱ्याला मिळाले. उरलेल्या मुलांसाठी माळावरच्या हाका मात्र चालूच राहिल्या.

एवढी गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा श्रेष्ठी नंदक. सोणाआजी म्हणजे भिक्षुणी धीरा. सुभगा आणि कुरंगी म्हणजे समोर बसलेली उपासिका भद्रिका आणि तिची लेक. अमात्य मीच होतो. त्या जन्मी मी करुणा पाळली."