रांजण आणि हवेच्या उशा

गाडीचे सुटे भाग एकमेकांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. हौसाबाईंची पिकअप घाटमाथ्यावरच्या पाणपोयांना मातीचे रांजण पोचवायची. रांजण तडकले, की हौसाबाई मागच्या चाकांवर स्प्रिंगचा आणखी एक लोखंडी पाटा चढवत. गाडी ताठ होत गेली, पण रांजण तडकायचे काही थांबेनात.

शेवटी यासीन मिस्त्री म्हणाला, "मावशी, लोखंड पुरे झालं. आता हवा भरू." त्याने जास्तीचे पाटे काढले, उरलेल्यांवर दोन रबरी उशा बसवल्या आणि सीटखाली एक छोटा पंप.

थोरल्या पाट्याने उशीला विचारलं, "तुझ्या पोटात काय आहे गं?"

"हवा."

"हवेनं कधी रांजण उचललाय?"

घाटाच्या पायथ्याशी गाडी भरली. मागून ती इतकी बसली, की दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघू लागले. हौसाबाईंनी बटण दाबलं. पंप घुमला, उशा फुगल्या आणि तो सगळा भार सावकाश वर आला. जन्मभर भाराखाली वाकलेल्या थोरल्या पाट्याला कुणी हात दिल्यासारखं वाटलं.

माथ्यावर सगळे रांजण धड उतरले. हौसाबाईंनी उशांमधली हवा सोडून दिली.

"एवढं बळ, आणि सोडून दिलंस?" पाट्याने हळूच विचारलं.

"भार उतरला की," उशी म्हणाली. "आता कशाला धरून बसू?"

परतीच्या वाटेवर पहिल्याच खड्ड्यात पाटा सवयीने ताठ राहून आदळला. गाडीत तेव्हा उचलायला काहीच नव्हतं.