आंबेरावांचे शाकाहारी भाडेकरू

झाडांना तोंडं होती आणि तोंडांना लगाम नव्हता, तेव्हाची गोष्ट. अंडी घालायला आलेली सुतारपक्षीण ठकूबाई जुन्या आंब्याकडे, म्हणजे आंबेरावांकडे, ढोली मागायला गेली.

"खाता काय?" आंबेरावांनी विचारलं.

"किडे, अळ्या, वाळवी."

"शिव शिव! आमच्याकडे फक्त शाकाहारी!"

ठकूबाई ताठ मानेनं शेजारच्या बाभळीकडे गेली. बाभळीनं काही न विचारता जागा दिली. आंबेरावांनी ढोली वाळवीला दिली. मंडळी शुद्ध शाकाहारी, लाकडाशिवाय कशाला तोंड लावतील तर शपथ!

वर्षभरात आंबेराव आतून पोखरले गेले. "ठकूबाई, या हो राहायला!" ते कण्हले.

ठकूबाई पिल्लांना घेऊन दिमाखात आली. "घर आहे आम्हाला, जेवायला आलोय. पण आधी विचारा बरं, आम्ही खातो काय!"