दिवेलागणीच्या हाका

“महाराज, आमच्या गावाचा वैद्य कुणीतरी पळवलाय!”

दरबार चपापला. बोलत होती गोजरा, मोठगावच्या बांगड्या विकणाऱ्या कासाराची मुलगी. राजा वीरमदेवाकडे देण्याजोगा एकच वैद्य होता, आणि तो मागास गावाला मिळायचा होता. दिवाणजींनी माड्या मोजल्या. गोजराच्या मोठगावात सात, शेजारच्या झापवाडीत एकही नाही. झालं! वैद्य झापवाडीला!

इकडे मोठगावात गोजराच्या वहिनीला सातवा महिना लागलेला. आधीची दोन्ही लेकरं तापानं गेलेली.

“माड्यांचं गाव मागास?” दिवाणजी हसले.

“माड्या तिघांच्या, दिवाणजी! बाकीच्या गावानं काय त्यांच्या सावलीवर जगायचं?”

राजा हट्टाला पेटला. “सिद्ध कर! पण कुणाच्या घरात शिरायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. विचारलं की सगळेच रडगाणं गातात! आजचा दिवस मुदत. नाहीतर वैद्य झापवाडीला!”

गोजराला बांगड्या घेऊन हिंडलेल्या गल्ल्या आठवल्या.

“महाराज, संध्याकाळी टेकडीवर चला. फक्त कान उघडे ठेवा!”

टेकडीच्या अल्याड मोठगाव, पल्याड झापवाडी. दिवेलागण झाली आणि आया पोरांना हाका मारू लागल्या.

झापवाडीतून आवाज आला, “चंद्रकला! ए हिरामण! मोहना, जेवायला ये!”

मोठगावातून आला, “दगड्या! ए धोंडे! केरबा! उकिरड्या, कुठं उलथलास?”

राजा पोट धरून हसला. “ही पोरं आहेत की बांधात भरायची दगडमाती?”

“हसा, महाराज! पण ही नावं कुणी हौसेनं ठेवत नाही. एक मूल दगावलं, की पुढच्याला दगड म्हणायचं, केर म्हणायचं. काळाला वाटावं, हे नेऊन काय करायचं! झापवाडीला झऱ्याचं पाणी, तिथं पोरं जगतात. आमच्या विहिरीत माड्यांचं सांडपाणी मुरतं. आता मोजा, दिवाणजी! माड्या नको, दगड मोजा!”

राजाचं हसू जिरलं. खालून पुन्हा हाक आली, “धोंड्याऽऽ!”

दिवाणजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागले. ते पाहून राजा पुन्हा हसला, पण या वेळी स्वतःलाच.

“वैद्य मोठगावाला! नवी विहीर माडीवाल्यांनी खणून द्यायची! आणि पोरी, तुला काय हवं?”

“वहिनीच्या बाळाला छानसं नाव. ते तुम्ही ठेवायचं!”

“ठेवलं! बारशाला मी स्वतः येतो!” राजानं हातातलं कडं काढून तिला दिलं.

राजासोबत टेकडीवर आलेला तो म्हातारा वैद्य मागून खाकरला. “महाराज, मलाही न्या. आजारपणाला सगळे बोलावतात, बारशाला मात्र मला कुणी विचारत नाही!”