न दिलेली ओ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. कुठल्या मुलखातली ते विचारू नका. मधे खोल दरी होती, दोन काठांवर दोन गावं होती आणि त्यांना जोडणारा लाकडी साकव होता, एवढं कळलं की पुरे.

एका पावसाळ्यात पलीकडच्या उतारावर मोठी दरड कोसळली आणि साकव घेऊन गेली. तिकडचं गाव गाडलं गेलं, असं अलीकडचे धरूनच चालले. एका घरची चार वर्षांची धाकटी लेक तेव्हा पलीकडे मावशीकडे होती. आईनं हंबरडा फोडला. सात वर्षांची थोरली कोपऱ्यात बसून राहिली.

आणि आठवड्याभरानं, दिवस कलताना, पलीकडच्या धुक्यातून हाक आली, "ताऽई..."

थोरली धावणार, तोच शेजारचा एक मुलगा ओ द्यायला म्हणून पुढे पळाला आणि ओ देण्याआधीच कड्यावरून खाली गेला. झालं. गावानं मुलांना शिकवून टाकलं, "तो चकवा आहे. आपल्या माणसाच्या आवाजात बोलावतो. ओ दिली की ओढून नेतो."

थोरली मोठी झाली, आई झाली, आजी झाली. रोज दिवस कलला की हाक यायची. ती नातवंडांचे कान झाकायची. स्वतःचे झाकायला मात्र तिला हात उरायचे नाहीत. मग ती ऐकत राहायची. जीव तुटायचा तिचा. चकव्याचा का होईना, आवाज बहिणीचा होता.

पण ओ? छे. जीभच उचलत नसे. लहानपणी बसलेली गाठ ती, म्हातारपणी बोटांनी सुटते थोडीच.

एक दिवस हाक आली आणि हाकेमागून खोकला आला.

म्हातारी चपापली. दुसऱ्या दिवशी तोच खोकला, आवाजही घोगरा. ती मनाशी म्हणाली, "चकव्याला कसला खोकला? आणि साठ वर्षांपूर्वीचा तो कोवळा आवाज माझ्याबरोबर म्हातारा कसा झाला?"

तिसऱ्या दिवशी ती कड्यापाशी जाऊन बसली. घरचे ओढत होते, ती हलली नाही. दिवस कलला. हाक आलीच नाही. तेव्हा आयुष्यभर अडलेली ती ओ म्हातारीच्या तोंडून कशीबशी बाहेर पडली. "ओऽ... आले गं, बाय."

मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, "कोण, ताईआजी का? आमच्या आजीचा आवाज कालपासून बसलाय. पण ती इथंच आहे. ऐकतेय. रडतेय."

"इतकी वर्षं तुम्ही साकव का नाही बांधलात?" म्हातारीनं विचारलं.

"साकव दोन्ही काठांवरून बांधावा लागतो. तिकडून ओ येईल त्या दिवशी पहिलं लाकूड टाकायचं, असं आम्हाला शिकवलं होतं. ओ आलीच नाही."

दोन्ही गावांनी लाकडं तोडली. महिन्याभरात साकव उभा राहिला. काठी टेकत म्हातारी पहिली पलीकडे गेली. दोघी बहिणी हातात हात घेऊन बसल्या. थोरलीला फक्त एकदा, समोरासमोर, ताई म्हणून हाक ऐकायची होती. धाकटीचे ओठ हलले. आवाज काही परत आला नाही. साठ वर्षं तो रोज येत होता, तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं.

त्या दिवसानंतर अलीकडच्या गावात हाक आली की मुलांचे कान कुणी झाकत नाही. मोठी माणसं त्यांचा हात धरून कड्यापाशी नेतात आणि म्हणतात, आधी नीट ऐका.

लहानपणी कानात पडलेलं माणसाला जन्मभर खरं वाटतं. म्हणून वेळ आहे तोवर ते एकदा स्वतः पारखून घ्यावं.